बिनछपराची गाडी

जिवलीला तो आधी पायांनीच भेटला.

गाडीखाली पाठ टेकून ती एक बोल्ट आवळत होती. कपाळाला पंचा, दातांत वायसर, नाकावर ग्रीसचा ठिपका. भात कापणीला आलं होतं, समोरच्या खाचरातून पिकल्या लोंब्यांचा गोडसर वास येत होता... आणि तिच्या डोक्याशी दोन पाय येऊन थांबले. पँट गुडघ्याखाली दुमडलेली, पोटऱ्यांना कुसळं चिकटलेली, आणि उजव्या चपलेचा तुटलेला अंगठा पांढऱ्या बँडेजनं नीट गाठ मारून बांधलेला. चपलेवर कुणी एवढे उपचार केलेले तिनं कधी पाहिले नव्हते.

"मिस्त्री, वरच्या पाड्याला वाट कुठून जाते हो?"

गावातलाच कुणीतरी असेल असं वाटून तिनं हात बाहेर काढला. "आधी चौदाचा पाना दे."

हातात काहीतरी आलं. "हा बाराचा हाय." दुसरं आलं. "हा तर पक्कड हाय रे!" तिसऱ्या वेळी मात्र बरोबर पाना आला. तिनं बोल्ट आवळला, टाचांनी रेटा देत बाहेर सरकली आणि उठून बसली.

समोर अनोळखी तरुण उभा होता. खांद्याला निळी पेटी, गळ्यात सरकारी ओळखपत्र, आणि चेहऱ्यावर असं आश्चर्य, की जिवलीला हसूच आलं.

"तुम्ही... मिस्त्री?"

"मग? तुमी डाक्टर काय?"

"नाही, आरोग्यसेवक. डोळखांबला नवीन आलोय. सुदाम." त्यानं पेटी दुसऱ्या खांद्यावर घेतली, पण वाट विचारायची विसरला. पाइपांच्या त्या पिंजऱ्याकडे तो बघत राहिला. "हे काय आहे?"

"गाडी."

"छप्पर?"

"नाय."

"दारं?"

"नाय."

"मग आहे काय हिला?"

"इंजिन हाय," जिवली म्हणाली. "तुमाला वरच्या पाड्यावर छपरात बसून जायचंय का?"

तो हसला. हसताना त्याचा एक दात किंचित वाकडा दिसायचा, हे तिच्या लक्षात आलं... आणि आपल्या लक्षात का आलं, म्हणून ती स्वतःवरच चिडली. वाट दाखवून तिनं त्याला लावून दिला. पण तो ओढा ओलांडून दिसेनासा होईपर्यंत दातातला वायसर काढायचं तिला सुचलं नाही.

ही दोन हजार तीन सालातली गोष्ट. कळमपाड्यात देवराम मिस्त्रीला सगळे ओळखत. मुरबाडच्या कारखान्यात वीस वर्षं वेल्डिंग करून त्याचे डोळे अधू झाले, तेव्हा तो आपलं मशिन घेऊन घरी आला आणि रस्त्याकडेला पत्र्याची शेड घालून खिडक्यांचे गज, बैलगाडीचे आस, नांगराचे फाळ असली कामं करू लागला. डोळे साथ देईनासे झाले, तसं एक-एक काम लेकीच्या हातात गेलं. जिवलीनं शहापूरला आयटीआय केलं. वर्गात ती एकटीच मुलगी. मग सहा महिने ती एका कारखान्यात लागली. तिथं दिवसभर एकच पट्टी, एकाच जागी, एकाच मापानं जोडायची. एकदा जेवणाच्या सुट्टीत भजीच्या कागदावर तिनं एक फोटो पाहिला. वाळूतून उसळत जाणारी गाडी, नुसता पाइपांचा सांगाडा आणि चार जाड चाकं. कागदाला तेल लागलं होतं, पण तिनं तो घडी करून ठेवला. पुढच्या महिन्यात नोकरी सोडून ती घरी आली.

"कशाला पायजे असली गाडी?" आईनं विचारलं होतं.

"जिथं रस्ता नाय तिथं जायला."

"आपल्याकडं रस्ता हाय कुठं?"

"म्हणूनच तर!"

नाशिक हायवेवरच्या भंगारवाल्याकडं एक चेपलेली छोटी मोटार पडली होती. तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स जिवलीनं टेम्पोतून आणलं आणि सीटच्या मागं बसवायचं ठरवलं. सांगाड्याला काळे पाइप, सीटला आईनं शिवलेली गोधडी, आणि स्टेअरिंग त्याच मोटारीचं. ते तिनं घासूनपुसून असं ठेवलं होतं, की देवरामनंही हात लावला तर म्हणायची, "बाबा, त्याला नको हां."

सुदाम दर मंगळवारी वरच्या पाड्यावर जायचा. मग बुधवारीही यायला लागला. मग शुक्रवारी, 'जाता जाता'. कळमपाडा कुठं जाता जाता लागत नव्हता, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

"आज कुणाला टोचायचंय डाक्टर?"

"कुणाला नाही. म्हटलं, मिस्त्रींची तब्येत बघावी."

"मिस्त्रींची तब्येत ठणठणीत हाय. गाडीची विचारा."

गाडीची विचारता विचारता तो बाही सरसावून कामाला लागायचा. लाइट गेली, की वेल्डिंग बंद. आणि त्या दिवसांत लाइट आठ-आठ तास जायची. मग पाइप वाकवायचं काम निघायचं. पाइपात कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडाची बुचं मारायची, भट्टीवर लाल करायचा आणि आवारातल्या आंब्याच्या खोडाला धरून सावकाश वाकवायचा. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो.

"हळू... हळू हो! चेपेल ना!"

"मी हळूच करतोय. तुम्हीच जोर लावताय."

"माझा जोर किती तो..."

"बघतोय ना मी," सुदाम धापा टाकत म्हणाला. "पाइप तरी वाकतोय. माणसाचं काय होत असेल..."

भट्टीच्या धगीनं जिवलीचा चेहरा आधीच लाल होता, म्हणून बरं झालं. पाइप हवा तसा वाकला. त्याच्या कमानीतून पलीकडे तो दिसत होता, घामानं डबडबलेला, वाकडा दात दाखवत हसणारा. तिनं नजर वळवली... मग हळूच पुन्हा आणली. तो बघतच होता.

डिसेंबरात गाडी पहिल्यांदा सुरू झाली. असा आवाज निघाला, की खाचरातले बगळे उडाले आणि शेजारच्या गोमाची म्हैस दावं तोडून पळाली. जिवलीनं कापलेल्या शेतातून तीन चकरा मारल्या. धूळ, तणस आणि हसू, सगळं अंगभर. मग ती सुदामसमोर येऊन थांबली.

"बसा."

"नको."

"का? भ्याव वाटतंय?"

सुदामच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग तो अगदी हळू म्हणाला, "मला... गाडी लागते."

"काय?"

"उलटी होते. एसटीत, जीपमध्ये, कशातही. लहानपणापासून. म्हणून तर मी सगळीकडे चालत जातो."

जिवली त्याच्याकडं बघत राहिली. एवढे दिवस तिला वाटत होतं, हा माणूस तिच्या घरावरून चालत जायला मिळावं म्हणून जीप सोडतो. ती खो-खो हसली. पण त्या रात्री भाकरी मोडता मोडता ती थबकली. जिनं जन्मात एक गाडी बनवली, तिला आवडावा कोण? तर ज्याला गाडीच सोसत नाही!

'आवडावा' हा शब्द तिच्या मनात असा पहिल्यांदाच आला, आणि त्याच आठवड्यात किन्हवलीचं स्थळही आलं.

मुलगा चांगला होता. शाळेत शिपाई, घरची शेती, दोन खोल्यांचं पक्कं घर. मध्यस्थ नवसूकाकानं एकच गोष्ट वर सांगितली, "त्या लोकांचं म्हणणं, पोरगी गुणाची हाय, पण ते लोखंडाचं खूळ लग्नानंतर नको."

"खूळ?" जिवली म्हणाली. "बाबा वीस वर्षं करत व्हते, ते काय व्हतं?"

"बाप्याची गोष्ट येगळी गो."

तिनं बापाकडं पाहिलं. देवराम बिडी विझवत म्हणाला, "माझे डोळे गेले, जिवे. तुझे जायला नको, एवढंच वाटतं मला. पुढच्या बुधवारी येऊ दे त्यांना. बघू."

शेडमध्ये जाऊन तिनं एक चांगला आवळलेला नट पुन्हा आवळला.

त्या बुधवारच्या आधीचा रविवार पोलिओचा होता. सकाळी साडेसातला सुदाम आला, तो नेहमीसारखा रेंगाळला नाही. दारातूनच बोलला. वरच्या दोन पाड्यांवर जाणारा त्याचा सहकारी तापानं पडला होता. सरकारी जीप ओढ्यापर्यंतच येत होती. आता पाचही पाडे त्याच्या एकट्याकडे होते.

"उद्या गेलात तर?" जिवलीनं विचारलं.

"उद्या पहाटे वीटभट्टीचा ट्रक येतोय. वरची निम्मी कुटुंबं जाणार. पोरं एकदा गेली, की पावसाळ्यापर्यंत सापडायची नाहीत." त्यानं पेटीवर हात ठेवला. "चालत तीन पाडे होतील. पाच नाही होत. आणि बर्फ किती टिकेल..."

जिवलीनं पंचा काढून ओढणी डोक्याला बांधली. "बसा गाडीत."

"जिवली, मला..."

तिला नावानं हाक त्यानं पहिल्यांदाच मारली होती. तिनं ओढणीची गाठ पुन्हा आवळली. मग ती म्हणाली, "उलटी झाली तर होऊ दे. दारं नायत, छप्पर नाय. धुवायला सोपी हाय माझी गाडी."

पहिला पाडा कसाबसा गाठला. दुसऱ्याच्या वाटेला, दगडांतून गाडी उसळायला लागली, तसा सुदाम हिरवा पडला. त्यानं पेटी तिच्या मांडीवर ठेवली, उतरला आणि करवंदीच्या जाळीआड गेला. परत आला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. गाडी पुन्हा निघाली, पन्नास पावलांवर पुन्हा थांबली.

"तू जा," तो झाडाला टेकून म्हणाला. "पेटी घेऊन जा. मी शिकवतो, दोन थेंब कसे..."

"कधीच नाय सोसत? कुठलंच यंत्र?"

"टिलर सोसतो. घरी चिखलणी करतो ना मी. दिवसभर हिंदकळतो, पण काही होत नाही."

जिवली थांबली. टिलर. टिलरचं हँडल त्याच्या हातात असतं. पुढचा खड्डा आधी त्याला दिसतो, मग अंगाला बसतो... ती स्टेअरिंगकडं बघत राहिली. गुळगुळीत, काळं, तिच्या हातांच्या घामानं चमकणारं. भंगारातून आणल्यापासून या चाकावर तिनं दुसऱ्या कुणाचा हात टिकू दिला नव्हता.

ती उठली आणि डावीकडच्या सीटवर सरकली.

"बस," ती म्हणाली. "तू चालव."

"मी? तुझी गाडी?"

"क्लच टिलरसारखाच हाय. हळू सोड. माझ्या गाडीला लागलं ना, तर बघ."

पहिल्यांदा बंद पडली. दुसऱ्यांदा बेडकासारखी उडी मारली. तिसऱ्यांदा निघाली. पुढच्या अर्ध्या तासात जिवली जन्मात ओरडली नव्हती एवढी ओरडली. "दुसरा टाक! दुसरा! अरे तो दगड हाय, म्हैस नाय, बाजूला व्हायची नाय ती!" सुदाम ओठ घट्ट मिटून समोर बघत होता, आणि त्याचा हिरवा रंग हळूहळू उतरत होता. मग वाट थोडी सपाट झाली. जिवली गप्प झाली. मांडीवर गार पेटी, अंगावर सागाच्या पानांतून गळणारं ऊन, आणि दूरवर निळ्या धुक्यात डोंगरांची रांग. स्वतःच्या गाडीतून तिनं आजूबाजूला कधी पाहिलंच नव्हतं. नेहमी पुढचा खड्डाच बघत आली होती.

"त्या बाजूला आमचा सिद्धगड," सुदाम म्हणाला. "माझं घर त्याच्या पायथ्याशी."

"समोर बघ!" ती म्हणाली. पण स्वतः मात्र तिकडंच बघत राहिली.

चौथा पाडा झाला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. पोरं गाडी बघायलाच धावत यायची, त्यामुळं कुणाला बोलवावं लागत नव्हतं. सुदाम थेंब द्यायचा, जिवली करंगळीवर शाईची खूण करायची. दर वेळी पेटी उघडली, की तो बाटलीवरच्या छोट्या चौकोनाकडं बघायचा. तो काळा पडला तर लस गेली. चौकोन अजून पांढरा होता.

शेवटच्या चढावर काडकन आवाज आला. पुढचं डावं चाक दुमडलं, गाडी खडकाला टेकली आणि तशीच राहिली. कुणाला लागलं नाही. जिवली उतरली, वाकून पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला.

"माझा जोड तुटला," ती म्हणाली. डोळे भरून आले होते. "माझाच जोड..."

"ते नंतर," सुदाम हळू म्हणाला. "जिवली, चार वाजायला आलेत. चल. इथून पुढं माझी गाडी."

आणि त्यानं आपले दोन पाय दाखवले.

चढ उभा होता. तो सहज चालत होता, तिला धाप लागली होती. एका उंच खडकाशी त्यानं हात पुढं केला. तिनं धरला. वर पोचल्यावर दोघांनाही तो सोडायचं भान राहिलं नाही.

"सकाळपासून तू मला तू म्हणतेस," सुदाम म्हणाला.

"नको म्हणू?"

"मला तेच आवडतंय. पंधरा दिवस झाले, मनातल्या मनात मीही म्हणतोय..."

वारा आला. सागाची मोठी वाळकी पानं खडखडत उतारावरून गेली. जिवली पायाखालच्या मातीकडं बघत म्हणाली, "बुधवारी किन्हवलीचे येणार हायत. मला बघायला."

त्याचा हात गार पडला. "मग... तू काय सांगणार?"

"मला कुणी विचारलं तर सांगीन ना." तिनं मान वर केली. "विचारायला पायजे कुणीतरी."

तो बोलणार तेवढ्यात वरून पोरांचा गलका आला, आणि पाड्यावरची माणसं दिसू लागली. तिथं सतरा मुलं होती. शेवटच्या बाळाला थेंब दिले तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. चौकोन पांढराच होता.

खाली उतरले तर गाडीपाशी देवराम उभा. पाड्यावरच्या कुणीतरी निरोप नेला होता. तो दोन गडी आणि दोर घेऊन आला होता. तो चाकाशी खाली बसला आणि तुटलेल्या जागेवरून अंगठा फिरवू लागला. डोळ्यांनी नाही, बोटांनी तो जोड वाचत होता.

"जोड शाबूत हाय," अखेर तो म्हणाला. "शेजारचा पाइप फाटलाय. जुना, भंगारातला. तुझा जोड नाय तुटला, जिवे."

तिला रडूच आलं. देवराम उठला. उजवीकडची सीट त्यानं चाचपली. गोधडी पार मागं सरकवलेली होती, लांब पायांच्या माणसानं सरकवावी तशी. त्यानं सुदामकडं मान वळवली.

"तुमी चालवत व्हता?"

"हो," सुदाम म्हणाला. "मला लागते गाडी, म्हणून तिनंच..."

"हं," देवराम म्हणाला. आणि दोर बांधायला लागला.

त्यानंतर सुदाम आला नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. बुधवार उजाडला. आईनं पोहे निवडायला घेतले, खुंटीवर नवी साडी काढून ठेवली. जिवली शेडमध्ये जाऊन फाटलेला पाइप कापत बसली. कुणी विचारलंच नाही, तर सांगायचं तरी कुणाला?

नऊच्या सुमाराला रस्त्यावर एसटी थांबली. सुदाम उतरला, मैलाच्या दगडावर जरा बसला, मग उठून आला. चेहरा पांढराफटक, केस विस्कटलेले.

"एसटीनं आलास?" जिवली उभीच राहिली.

"येता-जाता सहा बदलल्या," तो म्हणाला. "सहाही लागल्या. घरी गेलो होतो. बाबांना विचारायचं होतं, घरामागच्या जागेचं. मुरबाडला वीज मंडळातही काम होतं."

त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. वीजजोडणीचा अर्ज होता. पत्ता सिद्धगडाच्या पायथ्याचा. थ्री फेज. कारण, वेल्डिंगचं वर्कशॉप. लोड, पाच एचपी. जिवलीनं एकेक ओळ वाचली. 'अर्जदाराचे संपूर्ण नाव' या रकान्यात त्याच्या रेखीव अक्षरात लिहिलं होतं, 'जिवली'. पुढं सगळी ओळ कोरी.

"एवढंच?" तिनं कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "संपूर्ण म्हटलंय इथं."

"पुढचं मी एकट्यानं कसं लिहिणार?" सुदाम म्हणाला. "म्हणून विचारायला आलो."

जिवलीनं हात फडक्याला पुसले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग म्हणाली, "पेन दे."

त्यानं दिलं. कागद मशिनवर ठेवून ती वाकली, आणि आपल्या नावापुढं सावकाश, एकेक अक्षर जोडत लिहू लागली... सु... दा... म...

ओटीवरून खाकरल्याचा आवाज आला. देवराम खांबाला टेकून बसला होता, कधीचा कुणास ठाऊक.

"किन्हवलीचे येत नायत," तो म्हणाला. "कालच निरोप धाडला मी. तुजी आय उगाच पोहे निवडते." थोडा वेळ तो बिडी शोधत राहिला. "आन जिवे... लोड किती लिवलाय?"

"पाच, बाबा."

"दहा कर. माझं मशिन बी ने तिकडं. पाचात दोन मशिनी चालायच्या नायत."